रजा आणि खाडा

आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर होतं, पण वर्ष त्याच्याप्रमाणे चालत नसे. ते चालायचं जिनिंग फॅक्टरीच्या भोंग्याप्रमाणे. दिवाळीच्या आगेमागे काटापूजन व्हायचं, म्हणजे कापूस मोजायच्या काट्याला हार घालून नारळ फोडायचा, आणि त्या दिवसापासून बाबा कामावर जायचे. एप्रिलातल्या जयंतीच्या सुमारास कापूस आटला की एका सकाळी भोंगा वाजायचाच नाही. बाबा सवयीनं उठून, अंघोळ करून दारात बसून राहायचे. तिथून पुढच्या काटापूजनापर्यंत फॅक्टरी त्यांना ओळखही दाखवत नसे. पावसाळाभर ते कुणाच्या विहिरीतला गाळ काढ, कुणाचं कुंपण घाल, असं काहीबाही करत. शाळेत सरांनी विचारलं की वडील काय करतात, तर मी महिना कोणता चाललाय ते पाहून उत्तर द्यायची.

मारेगावच्या बाहेर, वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती फॅक्टरी होती. कापसातली सरकी बाजूला काढून रुई वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात. लांबलचक शेडमध्ये असे रेचे ओळीनं बसवलेले होते. बाबा त्या रेच्यांवर हेल्पर होते. तेलपाणी करायचं, झिजलेले रूळ बदलायचे, पात्यांमधली फट जुळवायची. त्यांची नेमणूक हंगामी. त्याच शेडमध्ये माय रेच्यात कापूस टाकायची. ती रोजंदारीवर. आणि या सगळ्यांच्या वर एक मिस्त्री होता, बाबांच्याच वयाचा, बाबांच्याच सोबत कामाला लागलेला. तो मात्र कायम.

हे तीन शब्द मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. त्यांतला फरक कळायला पगाराचा दिवस लागत नसे, गैरहजेरीचा दिवस पुरे होता. कायम माणूस आला नाही तर त्याची रजा असायची. हंगामी माणूस आला नाही तर त्याचा खाडा. रोजंदारीवाली आली नाही तर तिचं काहीच नसायचं, कारण गेटबाहेर दुसऱ्या बाया उभ्याच असायच्या, त्यांतली एक आत घ्यायची आणि काम सुरू.

आज मी स्वतः अंगणवाडी सेविका आहे. सरकारच्या लेखी मी कर्मचारी नाही, मानसेवी आहे. मला पगार नाही, मानधन आहे. सकाळी पोरं गोळा करा, खिचडी शिजवा, वजनं करा, दुपारी गरोदर बायांच्या घरी जा, आणि कुणी आलं पाहणीला की म्हणणार, तुमचं तर चार तासांचं काम, बाई. त्यामुळे माणसाला कमी द्यायचं असलं की आधी त्याला वेगळं नाव देतात, हे मला कुणी शिकवायला नको. पण तेव्हा मी लहान होते आणि मला वाटायचं की कायम, हंगामी, रोजंदारी ही माणसांची जातच असते, जन्मानं मिळालेली. बाबांना मात्र तसं वाटत नव्हतं. हंगामी माणूस एक दिवस कायम होतो, यावर त्यांचा भारी विश्वास होता.

त्यांना पगारापेक्षा रजेचंच अप्रूप होतं. मिस्त्री रजेवरून परत आला की बाबा त्याला खोदून खोदून विचारत. कुठं गेलता, काय केलं, घरी बसल्यावर जीव घाबरत नाही का? मिस्त्री त्यांची फिरकी घ्यायचा. "रजा म्हंजे काय हाय रे, घरी बसून बायकोच्या शिव्या खायच्या अन् त्याचा पगार घ्यायचा." बाबा पोट धरून हसायचे आणि घरी येऊन मायला तेच पुन्हा सांगायचे. माय म्हणायची, शिव्या त मी आत्ता बी देतो, पगार कुठी हाय?

एकदा बाबांची पाळी आली होती. मी सातवी-आठवीत असेन. मिस्त्रीच्या हाताखालची कायम हेल्परची जागा निघाली होती आणि बाबा सगळ्यांत जुने होते. त्या हंगामात आजी गेली. बाभुळगावकडे काकाच्या घरी होती ती. बाबा मातीला गेले, तिचं सगळं आटोपून परत आले, आणि त्यांच्या नावापुढं खाडे लागले. जागा दुसऱ्याला मिळाली. कुणी वाईट बोललं नाही, कुणी भांडलं नाही. फॅक्टरीच्या साहेबांनी एवढंच सांगितलं की ज्याचा हंगामात खाडा नाही, त्यालाच घ्यायचं असा नियम आहे. बाबांनी नियम ऐकून घेतला आणि तो मनाशी पक्का धरून ठेवला. त्यानंतर ताप असो, पाय मुरगळलेला असो, हंगामात ते घरी राहिले नाहीत.

माझं लग्न ठरलं ती कापसाच्या हलाखीची वर्षं होती. आमच्या भागाचं नाव रोज पेपरात यायचं. पुढाऱ्यांच्या गाड्या गावोगाव फिरायच्या, शेतकऱ्यांच्या अंगणात खुर्च्या मांडल्या जायच्या. ज्या घरातला माणूस गेला, त्या घरचं दुःख मी कशाशीच तोलणार नाही. पण कापसावर जगणारी माणसं शेतातच नव्हती. ती शेडमध्येही होती, गेटबाहेर उभीही होती. त्या गाड्यांतली एकही गाडी आमच्या वस्तीकडे वळली नाही. कापूस पिकला नाही तर हंगामी माणसाचा हंगाम किती उरतो, हे कुणी विचारलं नाही.

नवरा मुलगा झरी जामणी तालुक्यातला, कोलाम आदिवासींच्या एका पोडावरच्या, त्यांच्या वस्तीतल्या शाळेत शिक्षणसेवक होता. म्हणजे आधी तीन वर्षं ठरीव मानधनावर शिकवायचं आणि मग शिक्षक व्हायचं. पाहुणे हे सांगताना जरा ओशाळले. बाबांचा चेहरा मात्र उजळला.

"म्हंजे तीन वर्सांनी कायम?" त्यांनी विचारलं. "लेखी हाय?"

"लेखी आहे," मुलगा म्हणाला.

"मंग काय पाह्यजे!" बाबा मायकडे वळून म्हणाले. मुलाचा रंग, उंची, घरची शेती, काही त्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मुलाची आजी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या डोळ्यांदेखत लग्न व्हावं म्हणून त्यांना उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नव्हतं. हंगाम ऐन भरात होता, पण आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. पत्रिका नाही, गुरुजी नाही, अमका महिना चालत नाही तमका चालतो हे नाही. दोन्ही घरांना जमेल तो दिवस चांगला. या गोष्टीचा आमच्या वस्तीला अभिमान होता, अजून आहे. बाबांनी भर बैठकीत ऐटीत सांगितलं, "आमचा मुहूर्त म्हंजे फॅक्टरीची सुट्टी." सगळे हसले. बाजाराच्या दिवशी फॅक्टरी बंद असायची. तोच दिवस धरला. वस्तीतल्या विहारापुढच्या मोकळ्या जागेत मांडव टाकायचा ठरला, लग्नपत्रिका छापून आल्या आणि बाबांनी पहिली पत्रिका नेऊन मिस्त्रीच्या हातात दिली.

त्याच हंगामात मिस्त्रीच्या हाताखालची जागा पुन्हा निघाली होती. बाबांचा एकही खाडा नव्हता.

मग अचानक कापूस आला. त्या साली आमच्या फॅक्टरीत होणाऱ्या सरकारी खरेदीचा भाव व्यापाऱ्यांपेक्षा बरा निघाला आणि ज्यांनी ज्यांनी घरात दाबून ठेवला होता त्यांनी तो एकदमच बाहेर काढला. गाड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर यांची रांग फॅक्टरीच्या गेटापासून पार डांबरी रस्त्यापर्यंत गेली. आवारात जागा उरली नाही, कापसाचे ढीग उघड्यावर पडू लागले. लग्नाला दोन दिवस उरले असताना गेटवर कागद लागला. साप्ताहिक सुट्टी फक्त कायम कर्मचाऱ्यांना राहील, हंगामी आणि रोजंदारी यांनी कामावर हजर राहावे.

बाबा साहेबांकडे गेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढं मिस्त्रीनं सांगितलं, कारण तोही सोबत गेला होता.

"साहेब, पोरीचं लग्न हाय," बाबा म्हणाले.

"मग जा ना. मी कुठं अडवतोय?" साहेब म्हणाले. "खाडा लागेल एवढंच."

"एक दिवसाची रजा..."

"हंगामीला रजा कुठून आणू मी?"

मिस्त्री मध्ये पडला. म्हणाला, माझी सुट्टी आहे, मी उभा राहतो याच्या जागेवर. साहेबांनी मान हलवली. कायम माणसाला सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दुप्पट पगार द्यावा लागतो, वरून मंजुरी लागते, ती दोन दिवसांत कुठली येणार? मिस्त्री म्हणाला, नको मला दुप्पट, फुकट करतो. त्यावर साहेब हसले. फुकट तर अजिबातच करता येत नाही, म्हणाले.

तो साहेब दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं लग्नाचा आहेर पाठवला होता, स्टीलचा डबा. तो मी अजून वापरते आणि दर वेळी झाकण लावताना माझं डोकं फिरतं.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी घरात पाहुणे होते, तरी मायबाबांचं भांडण झालंच. चुलीपाशी, हळू आवाजात. मी ओल्या हळदीनं भरलेली बाजूला बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"मी त काही जात नाही उद्या," माय म्हणाली. "माह्या रेच्यावर दुसरी उभी राहीन. मले कोन पुसते?"

"तुह्यं बरं हाय," बाबा म्हणाले.

माय एकदम ताठ झाली. "काय बरं हाय माह्यं? इतके वर्सं रुई खाल्ली नाकातोंडात, गेटवरचा माणूस मले नावानं वळखत नाही, अन् माह्यं बरं हाय?"

"तसं नाही म्हनत मी."

"मंग कसं म्हनता?"

बाबांना नीट सांगता आलं नाही. मला आता सांगता येतं. मायला त्या फॅक्टरीकडून काहीच मिळायचं नव्हतं, म्हणून ती पोरीच्या लग्नाला थांबू शकत होती. मिस्त्रीला सगळं मिळालेलं होतं, म्हणून तोही येऊ शकत होता. मधल्यामध्ये अडकले ते बाबा, कारण त्यांना अजून मिळायचं होतं. माझा राग त्या मिळायच्या गोष्टीवर आहे. ती दाखवली नसती तर ते खुशाल घरी बसले असते.

मी म्हटलं, "बाबा, नका जाऊ."

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. "चार वाजता पाळी सुटते, बाई. त्यायले सांगू लग्न पाचले लावू. मी हातपाय धुऊन येतोच."

नवरदेवाकडचे चांगले. त्यांना जंगलातल्या रस्त्यानं अंधाराच्या आत परतायचं होतं, तरी पाच वाजताचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला आणि बाबा गेले. जाताना नवीन सदरा त्यांनी खुंटीवर लावला आणि त्याला कुणी हात लावायचा नाही म्हणून पोरांना दम भरला. दुपारपर्यंत मांडव भरला. मायसोबत रेच्यावर उभी राहणारी तांड्यावरची बाई सकाळीच येऊन पुऱ्या लाटायला बसली होती. तिनंही त्या दिवशीचं काम सोडलं होतं. मिस्त्री बायकोला घेऊन आला, पांढरेशुभ्र इस्त्रीचे कपडे घालून. त्याला पुढच्या खुर्चीवर बसवलं. तो बसला खरा, पण खुर्चीला काटे असावेत तसा सारखा हलत होता.

तीनच्या सुमाराला आभाळ भरून आलं. थंडीतले ढग, आमच्याकडे मधूनच येतात. सगळ्यांनी मांडवाकडे पाहिलं, मायनं फॅक्टरीच्या दिशेला पाहिलं. उघड्यावर पडलेल्या कापसाचं काय होणार, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

चारचा भोंगा झाला. वस्तीतली पोरं रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बाबा आले नाहीत. बऱ्याच वेळानं मिस्त्री उठला आणि कुणाची तरी सायकल घेऊन फॅक्टरीकडे गेला. परत आला तो एकटाच. मायजवळ येऊन म्हणाला, "ताडपत्र्या टाकून राह्यले, वहिनी. पानी याच्या आत ढीग झाकाचे हायत. गेट लावून घेतलं, कोनालेच सोडून नाही राह्यले."

"तुमाले त घेतलं असतं आत," माय म्हणाली.

"घेतलं असतं. पन माह्या बदल्यात त्याले बाहेर सोडलं नसतं," मिस्त्री म्हणाला आणि खुर्चीवर न बसता मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

पाच झाले, साडेपाच झाले. नवरदेवाच्या काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी मायनंच सांगितलं, लावा. विधी सांगणाऱ्या आचार्यांनी सवयीप्रमाणे पुकारलं, मुलीच्या आईवडिलांनी पुढं यावं. माय एकटी उठली, पदर नीट केला, पुढं गेली आणि तसबिरींपुढं मेणबत्ती लावली. मेणबत्ती लगेच पेटली नाही. वारा होता. कुणीतरी हात आडवा धरायला पुढं होत होतं, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. मग आम्ही उभे राहिलो, त्रिसरण पंचशील झालं, हार घातले. मला त्यातलं फार थोडं आठवतं. मायची पाठ आठवते.

आणि पाऊस आलाच नाही. चार थेंब पडले, ढग पुढं निघून गेले.

आम्ही गाडीत बसत होतो तेव्हा बाबा आले. धावत आले असावेत, त्यांना दम लागला होता. डोक्यावर, मिशांवर, भुवयांवर रुई होती, त्यामुळे ते मला एकदम म्हातारे दिसले. हात ग्रीसनं काळे. माझी साडी पांढरी होती, आमच्यात नवरीची असते तशी. ते हातभर अंतरावर थांबले आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

"जेवली का व?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. तोंड उघडलं असतं तर शिवी निघाली असती. ती त्यांच्यासाठी नव्हती, पण समोर तेच होते, त्यांनाच लागली असती.

"जाय, बाई," ते म्हणाले. "आता होतोच मी कायम. रजा टाकून येतो तुह्या घरी."

गाडी निघाली. नंतर मायनं सांगितलं की बाबा शेवटच्या पंगतीला स्वयंपाक्यासोबत जेवले आणि रात्री तिला सगळं विचारत बसले. हार आधी कुणी घातला, मी रडले का, पोरगा काय बोलला, मेणबत्ती कुणी लावली. नवा सदरा त्यांनी पुढं जयंतीला घातला.

पुढच्या काटापूजनाला बाबा कायम झाले. माझ्या सासरच्या गावात दुकानावर फोन होता, तिथं त्यांचा निरोप आला आणि मी धावत गेले. "झालो व बाई!" एवढंच ते ओरडून म्हणाले. मग दोघंही फोन धरून नुसतेच उभे. फोनचे पैसे वाढत होते, तरी त्यांनी ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.

पहिलं वर्ष फॅक्टरी त्यांना अजमावून पाहणार होती, त्यात रजा नव्हती. ते त्यांनी आनंदानं मान्य केलं. पण त्या साली कापूस फॅक्टरीकडे आलाच नाही. व्यापारी रोख पैसे घेऊन थेट शेताच्या धुऱ्यावर जाऊ लागले, सरकारी खरेदी आखडली, काटापूजनाचा नारळ फुटला तेवढाच. हंगामी लोकांना बोलावणं गेलं नाही. रोजंदारीचा प्रश्नच नव्हता. माय दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला आणि निंदायला जाऊ लागली. कायम लोकांनी मात्र वेळेवर हजर राहायचं, पाळी भरायची आणि घरी जायचं. बाबा रोज जाऊन बंद रेच्यांना तेल घालत होते.

त्याहून वाईट गेटवर होतं. इतकी वर्षं ज्यांच्या सोबत एका ताटात भाकर मोडली ते हंगामी हेल्पर सकाळी गेटाशी यायचे आणि विचारायचे, काही आहे का? साहेबांनी ते उत्तर द्यायचं काम बाबांवर टाकलं होतं. बाबा आतून, गजांच्या मागून, नाही म्हणायचे. काही दिवसांनी ते लोक बाबांना साहेब म्हणू लागले. चेष्टेत म्हणायचे, पण बाबा घरी येऊन जेवायचे नाहीत, असं माय सांगायची.

दुसऱ्या वर्षी त्यांनी रजेचा अर्ज केला. मी पोटुशी होते, त्यांना यायचं होतं. साहेब म्हणाले, आता तुम्ही तिघंचौघंच उरलात, तू गेलास तर गेटवर कोण? नातू झाला तेव्हा माय आली, बाबा आले नाहीत. नंतरही अर्ज केला, नंतरही तेच. मी चिडून फोनवर म्हटलं, बाबा, न विचारता या. ते म्हणाले, "न विचारता आलो त खाडाच होईन ना व." इतक्या वर्षांनी हातात आलेली रजा त्यांना खाड्यानं बाटवायची नव्हती.

मग फॅक्टरी बंद झाली. कुलूप लागलं. कायम लोकांचा हिशेब केला, त्यात न घेतलेल्या रजेचेही पैसे धरले. हंगामींना काही नाही. सगळे म्हणाले, नशीबवान आहात, वेळेवर कायम झालात. बाबांनी त्या पैशांतून घरावर टिनं टाकली. माहेरी गेले की मी त्या टिनांखाली झोपते. घर गळत नाही, हे खरं आहे. पण मला ते रजेचे दिवस टिनांच्या रूपात नको होते.

त्यानंतर एकदाच ते माझ्याकडे आले. पावसाळा संपत आला होता. बसमधून उतरले, हातात पिशवी, नातवासाठी बिस्किटांचे पुडे. पहिल्या दिवशी पोडावरून फिरून आले, कोलामांच्या म्हाताऱ्यांशी बोलत बसले, जावयाची शाळा बाहेरून पाहिली. जावई आता शिक्षक झाला होता. बाबांनी तेवढं त्याला चारदा विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचं कुंपण नीट केलं, सरपण फोडलं, नळाचा वायसर बदलला. दुपारनंतर करायला काही उरलं नाही. ते अंगणात उभे राहिले, मग आत आले, पुन्हा बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी मी अंगणवाडीत जायला निघाले तर ते अंघोळ करून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले.

"कुठी निंघाले, बाबा?"

"जातो आता."

"कायले? तिकडे कोन वाट पाहून राह्यलं?"

"कोनी नाही."

"मंग राहा न. आठ दिवस राहा, महिनाभर राहा. आता काहून घाई करता?"

ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कामावर असतो त रजा टाकून राह्यलो असतो, बाई. आता कशाची रजा टाकू?"

मी अंगणवाडीचं कुलूप न उघडताच त्यांच्यासोबत रस्त्यापर्यंत गेले. बस उशिरा आली. आम्ही दोघं झाडाखाली उभे होतो आणि ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते की तू जाय, तुह्या कामाची वेळ झाली.